‘सभ्य घरातली बाई’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

‘रात्रीच्या विमानात कपडे बदलताना’ या माझ्या लेखाखाली आपण रविवारी रात्री प्रतिक्रिया लिहिलीत. ती वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसले होते. चार ओळींतच लक्षात आलं की रागात लिहितेय, म्हणून ते खोडलं आणि दोन दिवस थांबले. राग अजून गेलेला नाही, पण आता निदान मुद्द्याला धरून लिहिता येईल असं वाटतं.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारा-पंधरा तासांच्या बिझनेस क्लासच्या प्रवासात झोपायचे कपडे खुशाल घालावेत, एवढंच मी लिहिलं होतं. मात्र ते टॉयलेटमध्ये जाऊन बदलावेत, सीटवर बदलू नयेत. जेवण आटोपल्यावर बदलावेत आणि विमान उतरायच्या दीड-दोन तास आधी पुन्हा नेहमीचे कपडे चढवावेत. त्यावर आपले चार आक्षेप आहेत. कतार एअरवेजच्या विमानात कंपनीकडून झोपायचा पायजमा सगळीकडे मिळतो असं मी लिहिलं, ते चूक आहे. कपडे बदलणाऱ्यांमुळे टॉयलेटपुढे बाकीचे ताटकळतात. लेख बिझनेस क्लासचा तोरा मिरवायला लिहिलेला दिसतो. आणि चौथं वाक्य मी आपल्याच शब्दांत देते: ‘सभ्य घरातली बाई परक्या पुरुषांच्या देखत झोपायच्या कपड्यांत वावरत नाही, विमान म्हणजे तुमची बेडरूम नव्हे.’

पहिला आक्षेप बरोबर आहे. कतार एअरवेजचा पायजमा लांब पल्ल्याच्या, मुख्यतः रात्रीच्या विमानांत मिळतो. मुंबई-दोहा हा साडेतीन तासांचा टप्पा त्यात येत नाही, आणि मी सरसकट लिहून गेले होते. ती ओळ दुरुस्त केली आहे. हे आभार मनापासूनचे आहेत, कारण माझ्यावर विसंबून कुणी बॅगेत कपडे न घेता निघालं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती.

आता ते चौथं वाक्य.

ते लिहिताना आपण क्षणभर तरी थांबलात का? ‘मला हे रुचत नाही’ असं लिहिता आलं असतं. ‘आमच्या पिढीला अवघड वाटतं’ असं लिहिता आलं असतं, आणि मी ते समजूनही घेतलं असतं. गेली अकरा वर्षं मी इथे लिहितेय. वाचकांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, तिकिटांच्या दरांवरून वाद घातले, व्हिसाच्या एका लेखावर तर चाळीस उलटसुलट प्रतिक्रिया आल्या. प्रत्येकाला मी उत्तर दिलं. पण कुणी माझ्या घरापर्यंत गेलं नव्हतं. आपण गेलात, आणि तेही नाव न लिहिता. ज्या घराबद्दल बोलायचं त्या घराच्या दारात उभं राहून आधी स्वतःचं नाव सांगावं, एवढी रीत आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

‘सभ्य घरातली’ म्हणजे कोणत्या घरातली? माझं घर सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, कोल्हापुरात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कोर्टाच्या कागदपत्रांसाठी त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी मुंबईला जावं लागे, आणि शाळेला सुट्टी असली की मलाही नेत. महालक्ष्मी एक्सप्रेस. मिरज मागे पडलं की आईने दिलेला डबा उघडायचा. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी. डबा धुऊन झाला की दादा पिशवीतून पांढरा लेंगा आणि बंडी काढत, खांद्यावर पंचा टाकत आणि गाडीच्या डब्याच्या टोकाला जाऊन पाच मिनिटांत बदलून येत. पँटची इस्त्री मोडणार नाही अशी घडी करून ती उशाखाली, शर्ट खुंटीला. समोरच्या बाकावर बायका असल्या तर बंडीवर पंचा नीट पांघरून बसत. सकाळी कल्याण यायच्या आत, आजूबाजूची माणसं घोरत असताना, ते पुन्हा पँट-शर्टात, भांग पाडून, चपला घालून तयार असत. ‘आपल्याकडे बघून कुणाला मान फिरवावी लागू नये,’ असं ते म्हणायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन.

त्या डब्यातले जवळजवळ सगळे पुरुष हेच करत. कुणाचा लेंगा, कुणाची लुंगी, कुणाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. कुणी कुणाला विचारलं नाही की तुम्ही कुठल्या घरातले. माझी आई मात्र त्याच गाडीत सहावारी साडी, पदराला पिन, केसांत आकडे अशी रात्रभर अवघडून पडायची. सकाळी दादरला उतरताना तिची मान धरलेली असायची. बायकांना तसंच झोपावं लागतं, असं तीही मानायची आणि बाकीच्या सगळ्याही मानायच्या. आज ती असती तर मी तिला तो विमानातला सुती पायजमा स्वतःच्या हाताने दिला असता.

मी लेखात लिहिलेला नियम दादांचा आहे. आडोशाला बदला, जेवणानंतर बदला, उतरायच्या आधी पुन्हा नीट व्हा. मी तो महालक्ष्मीतून उचलला आणि विमानात पाळला. आपण ज्याला असभ्यपणा म्हणता तो मला माझ्या बापाने शिकवलेला सभ्यपणा आहे. म्हणून ते वाक्य एवढं लागलं.

आणखी एक. आपण ‘माणूस’ लिहिलं नाहीत, ‘बाई’ लिहिलंत. माझ्या लेखात बाई-पुरुष असा भेद कुठेच नव्हता. विमान कंपन्याही तो करत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये मिळणारा कांगारूच्या चित्राचा पायजमा घ्या. शेजारच्या सीटवरच्या सत्तरीच्या गृहस्थांना जो मिळतो तोच मला मिळतो, फरक फक्त मापाचा. जपानच्या एएनए कंपनीच्या विमानात मागितलं की अंगात घालायला सैल कपडे आणून देतात, तेही सगळ्यांना. त्या गृहस्थांनी तो पायजमा घातला तर तो प्रवासाचा आराम, आणि मी घातला तर माझ्या घराचा प्रश्न? याचं उत्तर आपण द्यावं अशी माझी अपेक्षा आहे. अगदी नावानिशी.

‘झोपायचे कपडे’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला माहीत नाही. मी कशाबद्दल लिहिलं होतं ते पुन्हा सांगते. बाह्या मनगटापर्यंत, गळा बंद किंवा दोन गुंड्यांचा, पायजमा घोट्यापर्यंत. साडीत पोट-पाठ जेवढी दिसते तेवढीही त्यात दिसत नाही. ज्या विमानात पायजमा मिळत नाही तिथे मी स्वतःचा सुती कुर्ता आणि सैल सलवार घालते, वर ओढणी. गाऊन घालून विमानात फिरू नये असं मी लेखातच स्पष्ट लिहिलं होतं. ती ओळ आपण वाचली असतीत तर यातलं निम्मं मला लिहावं लागलं नसतं.

आता ‘विमान म्हणजे तुमची बेडरूम नव्हे’.

माझी बेडरूम नव्हेच. पण दिवे मंद करून, सीट आडवी करून, वर गादी अंथरून, उशी आणि दुलई देऊन तिथे मला झोपवतं कोण? विमान कंपनीच. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला. त्याआधी तिथली खुर्ची मागे कलायची, माणूस अर्धवट तिरपा पडायचा आणि दिवसाच्याच कपड्यांत रात्र काढायचा. पलंग आला तसे पायजमे आले, आणि कपडे कधी, कुठे बदलायचे हा प्रश्नही आला. पंचवीसेक वर्षांचाच हा प्रकार, म्हणून त्याची रीत अजून घडतेय आणि म्हणूनच त्यावर लिहावंसं वाटलं.

आणि खरं तर हा प्रश्न त्याहूनही जुना आहे. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीच्या बोइंग ३१४ या उडत्या बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, १९३९ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडून प्रवासी नेऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यात रात्री झोपायला बर्थ होते आणि कपडे बदलायला बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी ड्रेसिंग रूम होती. प्रवासी रात्री कपडे बदलणार, आणि त्यासाठी त्यांना आडोसा लागणार, हे ते विमान बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. आज तेवढी जागा देत नाहीत. काही विमानांच्या टॉयलेटमध्ये भिंतीतून खाली उघडणारी एक फळी असते, तिच्यावर उभं राहून कपडे बदलता येतात, म्हणजे ओल्या जमिनीला पाय लागत नाही. बाकी विमानांत आपणच तोल सांभाळायचा.

मी हे कपडे का बदलते तेही लिहिते. लेखात हात राखून लिहिलं होतं, कारण ते खाजगी आहे. आता आपण विषय माझ्यावरच आणलात, तर सांगून टाकते.

२०११ मध्ये कंपनीने मला पहिल्यांदा बिझनेस क्लासने अमेरिकेला पाठवलं. आम्ही औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. ह्यूस्टनला एका ग्राहकाकडे तपासणी होती आणि विमानतळावरून थेट तिकडे जायचं होतं. त्या वेळी मीही आपल्यासारखाच विचार करणारी होते. चार अनोळखी माणसांत झोपायचे कपडे कसे घालायचे? म्हणून सुटाची पँट, कडक कॉलरचा शर्ट, पायांत बंद बूट अशी चौदा तास बसले. पलंग आडवा केला, पण पँटचा पट्टा पोटात रुतत होता, झोप आली नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तेवढी विरळ ठेवलेली असते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. त्याहून उंचावर आपण सबंध रात्र बसलेलो असतो. त्या विरळ हवेत पोटातला वायू फुगतो, आणि तासन्तास बसून पाय सुजतात. उतरले तेव्हा बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तपासणीत मी तीन तास उभी होते आणि डाव्या पोटरीत गोळे येत होते.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, सोनोग्राफी करायला लावली. सुदैवाने रक्ताची गुठळी नव्हती. ‘लांबच्या प्रवासात सैल कपडे घाला, पाणी प्या, तास-दोन तासांनी उठून चाला,’ असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलंय की चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. मुळात धोका लहानच आहे, सहा हजारांत एक. पण दवाखान्यात सोनोग्राफीच्या रांगेत बसल्यावर ‘सहा हजारांत एक’ हा आकडा धीर देत नाही. त्या दिवसापासून मी विमानात कधीही आवळ कपड्यांत झोपलेली नाही, आणि झोपणारही नाही. कुणाला त्यात माझं घर दिसत असेल तर दिसो.

सीटवर बदलू नये असं मी एवढं ठासून का लिहिलं, त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी लंडनहून येताना पलीकडच्या सीटवरचा एक तरुण उभा राहून पँट काढू लागला. वर पांघरूण धरलं होतं, पण ते निसटत होतं. त्याच्यामागे एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या. मी पर्सरना, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखांना, बोलावलं. त्यांनी त्याला शांतपणे टॉयलेटकडे नेलं. परत आल्यावर तो मला म्हणाला, माझी सीट आहे, माझ्या पैशाची आहे. मी त्याला सांगितलं की सीट तुझी आहे, डोळे आमचे आहेत. २०१७ नंतर काही कंपन्यांनी सीटला सरकतं दार लावलं, तेव्हापासून हा प्रकार वाढलाय, कारण दार आहे म्हणजे खोली आहे असं लोकांना वाटतं. पण त्या भिंती छतापर्यंत जात नाहीत. चालत जाणाऱ्या माणसाला वरून आत दिसतं, आणि केबिन क्रूला तर कामासाठी सारखं डोकवावंच लागतं. त्या मुलींना कामावर असताना असलं काही बघायला लागू नये, हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे परक्यांच्या देखत काय करू नये याचीच काळजी मी केली होती. आणि नेमकी तीच काळजी नसल्याचा ठपका आपण माझ्यावर ठेवलात.

उतरायच्या आधी कपडे का बदलायचे, तेही निव्वळ दिसण्यासाठी लिहिलेलं नाही. उड्डाण आणि उतरणं या दोन्ही वेळा पायात नीट बूट आणि अंगावर पळता येईल असे कपडे हवेत. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर पेटलं, आणि त्यातले सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर पडले. बॅगा सोडून, घसरगुंडीवरून. विमानातल्या पातळ सपाता घालून तसं पळून बघा. इमिग्रेशनच्या रांगेत पायजम्यात उभं राहू नये, हे त्याच्या पुढचं. ते तर दादांनी कल्याणलाच शिकवलं होतं.

रांगेबद्दल: रांग लागते, हे खरं. जेवण झाल्यावर लगेच सगळे उठतात तेव्हा लागते. अर्धा तास थांबून जावं. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

तोऱ्याबद्दल: तिकीट कंपनी काढते, बारा तासांपेक्षा लांबच्या कामाच्या प्रवासाचं. त्याआधीची पंधरा वर्षं मी मधल्या सीटवर काढली आहेत आणि तिथले लेखही इथेच आहेत, शोधले तर सापडतील. इकॉनॉमीत कपडे कसे बदलावेत यावर मी २०१९ मध्ये लिहिलं होतं. त्याखाली तोऱ्याची तक्रार आली नव्हती.

आपल्या प्रतिक्रियेच्या शेवटी ‘राग मानू नये’ असं आहे. राग मानला आहे. तो लपवून गोड उत्तर लिहिणं मला जमलं नसतं. आपण वयाने मोठे असाल असं भाषेवरून वाटतं, म्हणून शेवटपर्यंत ‘आपण’च लिहितेय. पण मोठ्या माणसाने एखाद्या बाईच्या कपड्यांवरून तिचं घर काढावं, हे मला माझ्या घरात कधी ऐकू आलं नाही. दादांनी मोलकरणीशीसुद्धा असं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ती लेखाखाली तशीच राहील, आणि तिच्याखाली हे उत्तर. पुढच्या महिन्यात एकोणीस तारखेला मला पुन्हा ह्यूस्टनला जायचं आहे. बॅगेत तोच निळा सुती कुर्ता आणि सैल सलवार धुऊन ठेवली आहे. यावर आपल्याला काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नाव लिहा.